ऐकू आलं की बटण दाबायचं

"आजोबा, शब्द ऐकला की तो जसाच्या तसा म्हणायचा. बाकी काही बोलायचं नाही," कानवाल्या मॅडमनी माइकमध्ये तिसऱ्यांदा सांगितलं आणि तोंडासमोर पुठ्ठा धरून शब्द उच्चारला, "दार."

काचेपलीकडे केबिनमध्ये हेडफोन घालून बसलेले आजोबा विचारात पडले. "कुठलं दार?"

"कुठलंही नाही. नुसतं दार म्हणा."

"नुसतं दार," आजोबा म्हणाले.

एरवी ती हसली असती. आज तिने एक मांडी दुसरीवर घट्ट दाबून धरली होती आणि घड्याळाकडे पाहत होती. यादीत अजून सोळा शब्द होते.

दवाखान्याच्या कान विभागात ऐकण्याची तपासणी करायचं काम ती अकरा वर्षं करत होती. तिचं नाव कुणी घेत नसे. वॉचमनपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला कानवाल्या मॅडमच म्हणत. केबिन कपाटाहून थोडी मोठी, भिंतींना आतून जाड स्पंज, आणि दार इतकं जड की ओढताना सगळा जोर लावावा लागे. रोगी आत, ती बाहेर. ती माइकमध्ये बोलली की रोग्याला हेडफोनमधून ऐकू यायचं आणि रोगी बोलला की तिच्या टेबलावरच्या स्पीकरवर यायचं. आधी नुसते सूर ऐकवायचे. सूर ऐकू आला की रोग्याने हातातलं बटण दाबायचं, म्हणजे बाहेर हिरवा दिवा लागायचा. मग शब्द. शब्दांच्या वेळी तोंडासमोर पुठ्ठा धरायचा, कारण ओठ वाचून कान शाबूत असल्याचं सोंग आणणारे बहाद्दर कमी नसतात. या आजोबांच्या दातांनी कधीच रजा घेतली होती, आवाज पुसट झाला होता, म्हणून तिने स्पीकर अगदी मोठा करून ठेवला होता.

सोळा शब्द झाले. आजोबांना उठवून, काठी हातात देऊन, डॉक्टरांच्या खोलीकडे वळवून ती परत आली ती जवळजवळ पळतच. केबिनमध्ये शिरली, जोर लावून दार ओढलं, खुर्चीचा हात धरला आणि अंग सैल सोडलं.

वारा सुटला. नेहमीच्या वाटेने नव्हे, पुढच्या. गेली सहा वर्षं तो असाच, तिला न विचारता, बाईपणाच्या वाटेने बाहेर पडत होता. बसलेली असली की कसाबसा थोपवता यायचा. उठलं, वाकलं की संपलं. आवाज व्हायचा तोही चांगला ऐसपैस, आणि गेल्या वर्षापासून त्याला वासही येऊ लागला होता. तिने दोन मिनिटं डोळे मिटून घेतले. या जगात एवढी एकच जागा होती जिथून आवाज बाहेर जात नव्हता, आणि ती तिच्या ताब्यात होती.

दर तासाला ती केबिन 'तपासायला' आत जायची. दवाखान्यात याचं केवढं कौतुक. मागच्या वार्षिक समारंभात मोठ्या डॉक्टरांनी भर सभेत सांगितलं होतं, "काटेकोरपणा शिकावा तर कानवाल्या मॅडमकडून. दिवसातून आठ वेळा केबिन तपासतात." टाळ्या पडल्या, प्रशस्तिपत्र मिळालं. ती ते घ्यायला व्यासपीठावर चढली तेव्हा प्रत्येक पायरीवर खोकत होती. लोकांना वाटलं, बाईंना भरून आलंय.

दार ढकलून ती बाहेर आली आणि जागच्या जागी थिजली.

विभागाची झाडलोट करणाऱ्या मावशी फरशी पुसता पुसता थांबल्या होत्या. फडक्याची काठी हातात धरून त्या टेबलावरच्या स्पीकरकडे बघत होत्या. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली, हात एप्रनला पुसला आणि स्पीकरचा आवाज हळूहळू कमी करून पार बंद केला.

मावशींना निम्म्याहून कमी ऐकू यायचं. सगळा विभाग त्यांच्याशी ओरडून बोलायचा आणि त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दलही बोलायचा. सव्वा महिन्यापूर्वी तिनेच खटपट करून दवाखान्याच्या योजनेतून त्यांना कानामागचं ऐकण्याचं मशीन मिळवून दिलं होतं, स्वतःच्या हाताने बसवलं होतं. आपण लावलेलं झाड आपल्याच डोक्यावर पडावं तसं झालं.

"पोट बिघडलंय माझं," ती म्हणाली.

"हो का," मावशी म्हणाल्या. त्यांनी पुन्हा काठी घेतली, दोन फरशा पुसल्या. मग खाली बघतच म्हणाल्या, "पोटाचा आवाज वेगळा असतो, बाई. मी इकडे यायच्या आधी बाळंतिणींच्या खोलीत एकोणीस वर्षं काढलीत. किती वर्षं झाली?"

"कशाला?"

"बाळंतपणाला."

तिने टेबलावरची शब्दांची यादी उगाच सरळ केली.

"कान गेले होते माझे," मावशी म्हणाल्या, "नाक नव्हतं गेलं. ती खिडकी मी रोज उगाच उघडत नाही."

म्हणजे वासही. म्हणजे इतके दिवस. तिचे कान तापले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं, आणि त्याच्या मागोमाग जे सुचलं त्याची तिला पुढे कित्येक दिवस लाज वाटत राहिली.

"मावशी, ते मशीन काढा जरा," ती म्हणाली. "त्याचं सेटिंग बघावं लागेल. कंपनीकडे पाठवायचं आहे."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. सेटिंग आठच दिवसांपूर्वी झालं होतं, दोघींनाही ते माहीत होतं. मावशींनी मशीन कानामागून काढलं, एप्रनच्या टोकाने पुसलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"कधी मिळेल?" त्यांनी विचारलं. आवाज लगेच मोठा झाला होता, बहिऱ्या माणसांचा होतो तसा.

तिने बोटांनी 'बघू' अशी खूण केली.

*

मशीन तिच्या खणात पडून राहिलं. मावशी रोज यायच्या, फरशी पुसायच्या, खिडकी उघडायच्या. नव्या डॉक्टरीणबाई त्यांच्या पाठीमागे उभ्या राहून ओरडल्या, "मावशी, बाजूला व्हा, ऐकू येत नाही का?" मावशी दचकून बाजूला झाल्या आणि हसल्या. ते हसणं तिला लागलं. मशीन बसवलं त्या दिवशी याच मावशी नळाखाली बादली ठेवून नुसत्या उभ्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "बादली भरत आली की पाण्याचा आवाज बदलतो. विसरलेच होते मी."

लाजेचं एक बरं असतं, ती कधी एकटी येत नाही. पोतं उघडलं की आतून जुन्या लाजाही बाहेर पडतात. तिची सर्वांत जुनी सहा वर्षांपूर्वीची. लेकीच्या वेळी बाळंतपण अडलं, चिमटा लावावा लागला, खूप फाटलं, टाके पडले. चार महिन्यांनी वारा सुरू झाला तेव्हा तिने आईला विचारलं. आई म्हणाली, "बाळंतपणात वारा शिरतोच. निघून जाईल. आणि असलं कुणाशी बोलायचं नसतं." तिने आईचं ऐकलं. वाऱ्याने ऐकलं नाही.

मग एका रविवारी दुपारी, लेक पाळण्यात झोपलेली असताना नवरा जवळ आला. बऱ्याच महिन्यांनी. आणि नको त्या वेळी नको तो आवाज झाला. नवरा हसला. "अगं, फुगा फुटला की काय?" असं म्हणाला. त्यात वाईट काही नव्हतं, तो माणूस तसा जिभेनेही कधी कुणाला ओरखडा न काढणारा. पण ती कूस बदलून भिंतीकडे वळली ती वळलीच. तेव्हापासून लेक दोघांच्या मधे झोपते. त्याने दोनदा विचारलं, "माझं काही चुकलं का?" दोन्ही वेळा ती म्हणाली, "दमलेय हो मी." तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. तो पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर काम करायचा, दिवसभर धाडधाड आवाजात. घरी आला की टीव्ही मोठा लावायचा. ती म्हणायची, कान तपासून घ्या. तो म्हणायचा, "मला सगळं ऐकू येतं. तूच काही बोलत नाहीस."

पर्समध्ये तिने एक कात्रण जपून ठेवलं होतं. बायकांच्या एका मासिकात सल्ल्याच्या पानावर आलं होतं: योनीतून हवा जाणे हा सहसा आजार नसतो, बाळंतपणानंतर, व्यायाम करताना, संबंधाच्या वेळी असे होऊ शकते, लाजू नये. लाजू नये या शब्दांपाशी पान संपत होतं. तिने तेवढंच कापून घेतलं होतं. वास येऊ लागला, कपड्यांना पिवळट डाग पडू लागले, वर्षात तीनदा लघवीच्या जळजळीच्या गोळ्या झाल्या, तरी ती ते कात्रण काढून वाचायची. दिवसातून तीनदा आंघोळ करायची आणि साबणाचं बिल वाढलं की घरच्यांना सांगायची, दवाखान्यात जंतू फार.

पाचव्या दिवशी तिने खण उघडला. मावशी मधल्या सुट्टीत पायरीवर बसल्या होत्या. ती त्यांच्या शेजारी बसली, त्यांच्या कानामागचे केस सारले आणि मशीन बसवलं.

"कंपनीकडून आलं?" मावशींनी विचारलं.

"कंपनीकडे गेलंच नव्हतं," ती म्हणाली. "मी ठेवून घेतलं होतं. तुम्ही कुणाला सांगाल म्हणून."

मावशींनी कानामागे बोट नेऊन मशीन चाचपलं. रागावतील, रागावल्या तर बरं होईल, असं तिला वाटत होतं.

"मी कुणाला सांगणार?" मावशी म्हणाल्या. "सांगितलं असतं तर लोकांनी उत्तर दिलं असतं, ते मला ऐकू आलं नसतं. एकटीचंच बोलणं झालं असतं ते."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मावशींनी तिला रडू दिलं, मधे एकदा नाक पुसायला एप्रनचं टोक दिलं.

"सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "मी घाण आहे, मावशी. आतून घाण आहे मी."

"घाण?" मावशी आता रागावल्या. "आतून भोक पडलं असेल, त्याला घाण म्हणतात? बाळंतिणींच्या खोलीत अशा चार बायका बघितल्यात मी. चौघींतली एक तुझ्यासारखीच साबण घेऊन बसली होती. चल, उठ. बायकांच्या विभागातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई अजून गेलेल्या नाहीत. तू नाही बोललीस तर मी बोलेन, आणि माझा आवाज कसा आहे तुला माहितीये."

*

डॉक्टरीणबाई केस पिकलेल्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. तिने कात्रण काढून त्यांच्यापुढे ठेवलं. ते देताना आपलं सगळं सांगून झालं असं तिला वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा खाली ओढून ते वाचलं, उलटून पाहिलं. मागे कसल्याशा क्रीमची जाहिरात होती. "बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पुढचं पान कुठंय?"

"पुढचं नाही कापलं."

"मी सांगते पुढचं. नुसती हवा असेल, वास नाही, दुखत नाही, तर काही करायचं नसतं. पण वास असेल, पुढच्या वाटेने मळ किंवा पू येत असेल, लघवीला सारखी सारखी आग होत असेल, तर दाखवायचं. लगेच." त्या थांबल्या. "येतो का मळ?"

तिने मावशींकडे पाहिलं. मावशी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होत्या.

"येतो," ती म्हणाली. सहा वर्षांत तो शब्द पहिल्यांदा तिच्या तोंडून बाहेर पडला, आणि छत कोसळलं नाही.

पडद्यामागे तपासणी झाली. दुखलं कमी, लाज जास्त वाटली. मात्र डॉक्टरीणबाईंनी नाक मुरडलं नाही हे तिने नीट बघून घेतलं. हातमोजे काढत त्या म्हणाल्या, "बाळंतपणात फाटलं तिथे आत बारीक भोक राहून गेलंय. शौचाची वाट आणि योनी यांच्या मधल्या पडद्याला. फिस्टुला म्हणतात. गॅस तिकडून इकडे येतो. यात तुमचं काही चुकलेलं नाही, आंघोळ कमी पडलेली नाही. आधी जंतू घालवू, एकदोन तपासण्या करू, मग ऑपरेशन. बहुतेकींचं एकदाच्या ऑपरेशनने बरं होतं. काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं, ते आधीच सांगून ठेवते. सहा वर्षं का थांबलात?"

उत्तराची वाट न बघता त्या चिठ्ठी लिहायला लागल्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, "ऑपरेशननंतर काही आठवडे जपावं लागेल. वजन उचलायचं नाही, जवळ यायचं नाही. मिस्टरांना सांगितलंत ना?"

"सांगते," ती म्हणाली.

*

सांगते म्हणणं सोपं होतं. पहिल्या संध्याकाळी लेकीची शाळेची चित्रं रंगवायची होती. दुसऱ्या संध्याकाळी टीव्ही मोठा होता. तिसऱ्या संध्याकाळी टीव्ही बंद होता, लेक शेजारी खेळायला गेली होती, नवरा समोर बसून चपलेचा पट्टा शिवत होता आणि सांगायला काहीही अडचण नव्हती. तेव्हा तर तिची बोबडीच वळली. समोरासमोर, चेहऱ्याकडे बघत हे सांगणं तिला जमणार नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "उद्या दुपारी दवाखान्यात या. कान तपासून टाकू तुमचे."

पाच वर्षं टाळत आलेला माणूस. त्याने सुई थांबवली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "येतो."

दुसऱ्या दिवशी तो धुतलेला शर्ट घालून आला. मावशींनी त्याला केबिनमध्ये बसवलं, दार ओढलं आणि जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवून बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

तिने सूर ऐकवले. जाड सुरांना हिरवा दिवा पटापट लागला. सूर बारीक होत गेले तसा तो अडखळू लागला. डाव्या कानाला वरचे सूर येतच नव्हते. प्रेस डावीकडे असणार. काचेपलीकडे तो भुवया आवळून, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा, ऐकू न येणाऱ्या आवाजाची वाट पाहत होता. इतक्या वर्षांत त्याला इतका वेळ सरळ बघितलं नव्हतं तिने. कानशिलावर पांढरे केस आले होते.

मग पुठ्ठा तोंडासमोर धरून शब्द. "दार."

"दार."

"चाक."

"चाक."

"पान."

"पान," तो म्हणाला. यादी संपली.

तिने पुठ्ठा खाली घेतला नाही. दुसऱ्या हाताने तिने स्पीकर पार बंद केला. तो काही बोलला तरी तिला ऐकू येणार नव्हतं. सांगण्याचा धीर तिने कसाबसा गोळा केला होता, ऐकण्याचा अजून झाला नव्हता.

"आता वाक्यं आहेत," ती माइकमध्ये म्हणाली. "परत म्हणायची नाहीत. ऐकू आलं की नुसतं बटण दाबायचं."

हिरवा दिवा लागला, विझला.

"मला आजार आहे. लेकीच्या वेळी फाटलं, तेव्हापासून आत एक भोक आहे."

दिवा लागला. विझला.

"त्यातून मागचा वारा पुढून जातो. मळही येतो. मी सहा वर्षं लपवलं. आधी तपासण्या, मग ऑपरेशन करायचंय."

दिवा जरा उशिरा लागला. पुठ्ठ्याची कडा तिच्या नाकाला लागत होती.

"त्या रविवारी तुम्ही हसलात," ती म्हणाली. "मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वाटलं, मी घाण आहे. म्हणून लेकीला मधे घेतलं. तुमचं काही चुकलं नव्हतं."

दिवा लागला नाही. तिने वाट पाहिली. सुरांच्या वेळी तीन सेकंद थांबायचं असतं. तिने तीन मोजले, सहा मोजले. पुठ्ठ्याच्या वरून बघायची तिची छाती होईना.

मग दिवा लागला, आणि विझेना. त्याने अंगठा बटणावर दाबून धरला होता.

दिवा असा लागून राहिला तर रोग्याला सूचना समजलेली नाही असं धरायचं आणि त्याला पहिल्यापासून पुन्हा सांगायचं, असा कामाचा नियम आहे. अकरा वर्षं तिने तो नियम पाळला होता. आज तिने काही पुन्हा सांगितलं नाही. टेबलावर हिरवा दिवा तसाच जळत होता. तिने पुठ्ठा तोंडासमोरून काढला आणि यादीवर पालथा ठेवला.